अकरा दिवस, चार जंगले आणि मागच्या सीटवरची दोन मुले

रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यांचा प्रश्न थोडक्यात असा :

"आम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे पाच जणांचे आमचे घर. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत स्वतःच्या गाडीने निघून विदर्भातले चार व्याघ्रप्रकल्प अकरा दिवसांत करून यायचे, असा यजमानांचा बेत आहे. आधी ताडोबा, मग नवेगाव, पेंच आणि परतताना मेळघाट. एवढ्या लांब जातोच आहोत, तर वाटेत अंबाजोगाईला योगेश्वरीचे दर्शन व्हावे, अशी सासूबाईंची इच्छा आहे. गाडी एकटे यजमानच चालवतात. मुलीला घाटात हमखास गाडी लागते आणि मुलगा दहा मिनिटेसुद्धा गप्प बसत नाही. पुण्याच्या चुलत दिरांच्या मुलांनी गेल्या वर्षी वाघ पाहिला, त्याचे फोटो घरच्या ग्रुपवर आले आणि तेव्हापासून आपल्या मुलांनीही तो पाहायलाच हवा, असे घरात ठरल्यासारखे झाले आहे. यजमान कॉलेजात असताना मित्रांबरोबर ताडोबाला जाणार होते, पण सासऱ्यांच्या आजारपणामुळे ते तेव्हा राहून गेले. मला हा बेत झेपणारा वाटत नाही. पण नको म्हटले, तर मुलांच्या अनुभवाच्या आड मीच आले असे होईल. मुले लहान आहेत तोवरच हे सगळे दाखवायला हवे, हेही मनाला पटते. काय करावे?"

प्रिय भगिनी,

तुमच्या घरात कोणाचेही काही चुकलेले नाही, हे आधी लिहिते. मुलांना जंगल दाखवावे असे वाटणारा बाप, लेकाच्या गाडीतून कुलस्वामिनीचे दर्शन घडावे असे वाटणारी आई आणि हे सगळे पार पडताना पोरांचे हाल होऊ नयेत म्हणून काळजी करणाऱ्या तुम्ही, असे तिघेही आपापल्या जागी बरोबर आहात. अडचण आहे ती या तिन्ही इच्छा एकाच गाडीत आणि एकाच अकरा दिवसांत कोंबल्याची. म्हणून जावे की जाऊ नये, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आपण आधी हा बेत कागदावर मांडून पाहू.

रत्नागिरीहून कोल्हापूर, सोलापूर, अंबाजोगाई, नांदेड, यवतमाळ करत ताडोबाला पोहोचेपर्यंत जवळजवळ हजार किलोमीटर होतात. तिथून नवेगाव, पेंच, मेळघाट आणि परत घर धरले, तर एकूण प्रवास अडीच हजार किलोमीटरच्या घरात जातो. मुलांना घेऊन जाताना जेवणाखाण्याचे आणि लघवीचे थांबे धरून ताशी पन्नासचा वेग पडला, तरी पन्नास तास निव्वळ गाडीत जातात. सफारीची एक फेरी साधारण चार तासांची असते. प्रत्येक जंगलात दोनच फेऱ्या धरल्या, तरी आणखी बत्तीस तास उघड्या जिप्सीत बसणे आले. शिवाय ताडोबाचे गाभा क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला राखीव भाग, दर मंगळवारी बंद असते आणि अकरा दिवसांत किमान एक मंगळवार येतोच. एवढा हिशेब केला, म्हणजे दिसते की या बेतात निवांत बसायला एकही दुपार उरत नाही. आणि मुलांच्या सुट्टीतली बहुतेक मौज त्या निवांत दुपारीच होत असते. यातले पन्नास तास गाडी हाकणारा माणूस एकच आहे, हेही लक्षात घ्या. सकाळची सफारी धरायची म्हणजे पहाटे साडेचारला उठणे आले. ती फेरी आटोपून लगेच दोनशे किलोमीटर गाडी चालवणाऱ्या माणसाला डुलकी लागण्याची शक्यता तुमच्या पत्रात कुठे आलेली नाही. मला मात्र या बेतातली सर्वांत मोठी काळजी तीच वाटते.

दुसरी गोष्ट मे महिन्याची. या महिन्यात वाघ दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, हे खरे आहे. पानगळीने झाडी विरळ झालेली असते आणि जंगलातले पाणी आटल्यामुळे जनावरे मोजक्या पाणवठ्यांवर येतात. पण ज्या कारणाने वाघ पाणवठ्यावर येऊन बसतो, त्याच कारणाने पाच वर्षांचे मूल त्या उन्हात बसवू नये. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो. आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांना घामाच्या उकाड्याची सवय असते, तिकडच्या कोरड्या झळांची नसते. कोरड्या हवेत घाम येताच वाळून जातो, त्यामुळे अंगातले पाणी कमी होते आहे हे मुलाच्याही आणि आईच्याही लवकर ध्यानात येत नाही. मोठ्या माणसाने हे सोसून वाघ पाहणे वेगळे आणि पाच वर्षांच्या मुलाला त्यात ओढणे वेगळे.

आता तुमच्या मनाला पटलेल्या त्या वाक्याकडे येते. मुले लहान आहेत तोवरच सगळे दाखवायला हवे, हे वाक्य हल्ली अनेक पत्रांतून येते आणि प्रत्येक वेळी ते मला अर्धेच खरे वाटते. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. आपल्या राज्यातले ते सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान आहे आणि तुमची मुलगी बारा-तेरा वर्षांची होईल तेव्हाही ते तिथेच असेल. त्या वयात ती चार तास शांत बसू शकेल, सांबराने दिलेला इशारा कान देऊन ऐकेल, वाटाड्याला स्वतः प्रश्न विचारेल आणि वाघ नाही दिसला तरी तिचा दिवस फुकट जाणार नाही. पाच वर्षांच्या मुलाला दीडशे फुटांवर गवतात हललेले पिवळे काहीतरी आणि मोठ्या माणसांनी एकमेकांना केलेले "श्शू" एवढेच आठवण्याची शक्यता जास्त आहे. तो गप्प बसत नाही हा त्याचा दोष मानू नका, ते त्याचे वय आहे. ज्या ठिकाणी त्याला बोलता येईल, पळता येईल, वाकून जमिनीवरचे काही बघता येईल, असे जंगल त्याला आज हवे आहे.

वाघ पाहण्याची इच्छा उथळ आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. ज्याने मोकळ्या रानात वाघ चालत जाताना पाहिला आहे, त्याला ती इच्छा काय असते हे सांगावे लागत नाही. पण ती इच्छा मुलांची आहे का, हे एकदा तपासून पाहा. ग्रुपवरचा फोटो बघून मुलांनी "आपण कधी जायचे?" असे विचारले असेल, तर ते एखाद्या खेळण्याबद्दल विचारतात तितक्याच सहजपणे विचारले असेल. ती गोष्ट मनाला लावून घेतली ती मोठ्यांनी. चुलत भावंडांनी पाहिले आणि आपल्या मुलांनी नाही, ही रुखरुख आपली असते आणि आपण ती नकळत मुलांच्या नावावर मांडतो.

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. यजमान कॉलेजात असताना ताडोबाला जाणार होते आणि घरच्या आजारपणामुळे त्यांचे जाणे राहिले. मला वाटते, या सगळ्या बेताचे मूळ तिथे आहे. घरासाठी मागे ठेवलेली एक इच्छा इतक्या वर्षांनी वर आली आहे. पण स्वतःसाठी म्हणून काही मागण्याची सवय आपल्याकडच्या कर्त्या पुरुषांना फारशी नसते, त्यामुळे ती इच्छा "मुलांना दाखवायचे आहे" असे रूप घेऊन येते. तुम्ही "मुलांना झेपणार नाही" असे म्हटले, की त्यांना तो आपल्यालाच मिळालेला नकार वाटतो. त्यांनाही ते नीट उमगत नसेल आणि मग वाद गाडी, ऊन आणि खर्च यांवर होत राहतो.

म्हणून त्यांच्याशी बोलताना मुलांपासून सुरुवात करू नका. रात्री मुले झोपल्यावर त्यांना एवढेच विचारा : "तुम्ही तेव्हा जाणार होतात, तो बेत काय होता? कोणकोण जाणार होते?" त्यांना मनसोक्त बोलू द्या. नंतर म्हणा, "हे तुमचे जाणे झालेच पाहिजे. पण ते दोन मुलांना सांभाळत, चार जंगले पळत पळत केलेत, तर तुमच्या मनातला ताडोबा तुम्हाला बघायलाच मिळणार नाही." हे मी त्यांचे मन वळवण्याची युक्ती म्हणून सुचवत नाही. ते खरेच आहे. पाणवठ्याजवळ तासभर निश्चल थांबण्यात जे सुख आहे, ते "बाबा, शू" असे दर पंधरा मिनिटांनी ऐकताना कोणाला मिळणार?

तुमच्यापुढे मला तीन वाटा दिसतात.

पहिली वाट म्हणजे ठरल्याप्रमाणे सगळे करणे. मी ती सुचवणार नाही. त्यातून काही वाचवायचेच असेल, तर चारांपैकी तीन जंगले गाळा. मेळघाट तर या बेतातून आधी काढा. १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यांतला तो एक आहे आणि सातपुड्यातले ते जंगल अतिशय सुंदर आहे. पण डोंगराळ, दाट रानामुळे तिथे वाघ सहसा दिसत नाही आणि रस्तेही घाटवळणांचे आहेत. गाडी लागणाऱ्या मुलीला प्रवासाच्या शेवटी, सगळे थकलेले असताना तिथे नेणे हा तिच्यावर अन्याय होईल.

दुसरी वाट अशी की मे महिन्यात यजमानांनी एकट्याने किंवा त्या जुन्या मित्रांपैकी कोणाला बरोबर घेऊन फक्त ताडोबाला जावे. कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूरवरून गोंदियाला जाते. प्रवास दिवस-रात्रीचा आहे, पण झोपून होतो आणि नागपूरहून पुढे भाड्याची गाडी मिळते. तीन रात्री एकाच प्रवेशद्वाराजवळ राहून गाभा आणि त्याभोवतीचा बफर पट्टा मिळून चार-पाच फेऱ्या केल्या, तर उन्हाळ्यात वाघ दिसण्याची आशा चांगली असते. मे महिन्यात आपल्याकडे घर पाहुण्यांनी भरलेले असते, नणंदा-भावजया असतात, आंबे-फणस चालू असतात, मुलांना घर सोडून जायची फारशी घाईही नसते. त्या दिवसांत तुम्हाला त्यांच्याबरोबर जावेसे वाटले आणि मुलांना सांभाळणारे माणूस घरात असले, तर तुम्हीही जा. तुमच्या सबंध पत्रात तुम्हाला स्वतःला काय पाहायचे आहे याबद्दल एक ओळसुद्धा नाही, हे वाचताना मला खटकले.

तिसरी वाट मुलांची आणि ती दिवाळीनंतरची. आपल्या घरापासून राष्ट्रीय उद्यान किती जवळ आहे, याची कल्पना किनाऱ्यावर राहणाऱ्या पुष्कळांना नसते. संगमेश्वर तालुक्यात शृंगारपूरला उभे राहिले, की पूर्वेला सह्याद्रीचा जो उभा कडा दिसतो, त्याच्या माथ्यावर चांदोली राष्ट्रीय उद्यान सुरू होते. सुमारे ३१८ चौरस किलोमीटरचे हे उद्यान २००४ साली घोषित झाले. ते सांगली, सातारा, कोल्हापूर आणि आपल्या रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरले आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यांत महाराष्ट्रातली चार आहेत : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. ज्या जंगलाची नोंद जगाने घेतली आहे, ते तुमच्या मुलीच्या शाळेच्या जिल्ह्यात येते, हे तिला नकाशावर बोट ठेवून दाखवा. इथे वाघ मोजकेच आहेत आणि २०२५ पासून ताडोबाच्या बाजूने वाघीण आणून सह्याद्रीत सोडण्याचे काम सुरू झाले आहे. विदर्भाला न जाता विदर्भातल्या वाघिणीशी मुलांचे नाते जोडायचे असेल, तर ही गोष्ट त्यांना सांगण्यासारखी आहे.

मार्ग असा ठेवता येईल. रत्नागिरीहून साखरपा, आंबा घाट चढून आंबा गावात पहिला मुक्काम. रत्नागिरीहून हे अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे सकाळी नऊला निघालात तरी दुपारच्या जेवणाला पोहोचता आणि सगळी दुपार मोकळी मिळते. दुसऱ्या दिवशी मलकापूरमार्गे वारणावतीला जाऊन चांदोलीत जावे. आत जायला वनविभागाची परवानगी आणि सोबत वाटाड्या लागतो, पावसाळ्यात उद्यान बंद असते आणि संध्याकाळपूर्वी बाहेर पडावे लागते, म्हणून आधी चौकशी करूनच निघा. झोळंबीच्या सड्यावर, म्हणजे तिथल्या खडकाळ पठारावर, मुलांना थोडा वेळ नुसते बसू द्या. तिथून कोल्हापूर, एक मुक्काम आणि पुढे राधानगरी-दाजीपूर. हे अभयारण्य १९५८ पासूनचे, राज्यातले सर्वांत जुने, गव्यांसाठी राखलेले. गवा पाहताना मुलाला पायांकडे बघायला सांगा. एवढ्या काळ्याभोर, टनभर वजनाच्या जनावराचे चारही पाय गुडघ्यांखाली पांढरे असतात, जणू शाळेचे मोजेच चढवले आहेत. पाच वर्षांचा मुलगा हे जन्मभर विसरणार नाही. राधानगरीचे धरण राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतले, हेही मुलीला तिथेच उभे राहून सांगता येईल. दाजीपुरात दोन रात्री राहून फोंडा घाटाने कणकवलीला उतरावे आणि महामार्गाने घरी यावे. हे सगळे पाचशे किलोमीटरच्या आत बसते. घाटरस्ते दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असतात, तेवढे निघण्यापूर्वी विचारून घ्या.

या प्रवासात दिवसाला एकच ठरलेली गोष्ट ठेवा. सकाळी रानात जाणे झाले, की दुपारी काहीही ठरवू नका. मुक्कामाच्या जागेभोवतीच एवढे काही सापडते, की मुले स्वतःहून तुम्हाला ओढून नेतील. ओंबिलांचे, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्यांचे, घरटे घ्या. हिरव्या पानांच्या कडा एकमेकींना जोडून केलेला तो गोळा आपल्याकडे आंब्यावरही असतो, पण तो होतो कसा हे आपण कधी उभे राहून पाहिलेले नसते. मुंग्यांची एक रांग दोन पानांच्या कडा ओढून धरते आणि दुसऱ्या मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरून इकडून तिकडे फिरवतात. अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमी धाग्याने पाने शिवली जातात. हात न लावता, चार पावलांवरून मुलांना हे पाहू द्या. घाटातल्या रानात शेकरू दिसण्याची शक्यताही चांगली असते. ते आपले राज्यप्राणी आहे, फांद्याफांद्यांवरूनच फिरते, जमिनीवर क्वचित उतरते आणि उंच झाडांवर काटक्या-पानांची एकापेक्षा जास्त घरटी बांधते. त्यांतले कोणत्या घरट्यात ते आज झोपणार, यावर दोन्ही भावंडांना पैज लावू द्या. यात बोलायला बंदी नाही, पळायला बंदी नाही आणि तुमच्या मुलाला गप्प बसवण्याचे कामही कोणाला करावे लागणार नाही.

मुलीच्या गाडी लागण्याकडे मात्र गांभीर्याने बघा. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सर्वांत जास्त होतो. घाटात वळणे आतल्या कानाला जाणवत असतात, पण डोळे समोरच्या सीटच्या पाठीवर किंवा मोबाइलवर खिळलेले असतात. मेंदूला दोन्हीकडून वेगवेगळे निरोप जातात आणि मळमळ सुरू होते. म्हणून घाट सुरू होण्यापूर्वी मोबाइल, चित्रकथा सगळे बाजूला ठेवावे. मागच्या सीटवर जिथून पुढचा रस्ता दिसेल तिथे तिला पट्टा लावून बसवावे, काच थोडी उघडी ठेवावी आणि लांबचा डोंगर किंवा समोरचे वळण बघत राहायला सांगावे. रिकाम्या पोटी निघू नये आणि भरल्या पोटीही निघू नये. थोडी पेज किंवा कोरडी भाकरी चालते, तळलेले टाळावे. आल्याचा लहान तुकडा किंवा आवळा तोंडात ठेवून काही मुलांना बरे वाटते. गोळी द्यायची असेल, तर मुलांच्या डॉक्टरांना वजन सांगून, त्यांनी सांगितलेलीच द्या, कारण यातल्या काही गोळ्यांनी मुले दिवसभर पेंगतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सहलीच्या आधी एखाद्या रविवारी साखरप्यापासून आंबा घाट एकदा चढून उतरून या. कोणता उपाय तिला लागू पडतो, हे त्या दिवशी कळेल आणि तिचाही धीर वाढेल. "पुन्हा लागली का?" असे तिला सारखे विचारू नका. लाजेने ती आधी सांगायची थांबते आणि मग गाडी थांबवायला वेळच मिळत नाही.

आरोग्याच्या आणखी एका गोष्टीची आठवण करून देते. सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग भागात, २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा ताप रानातल्या गोचिडींमुळे होतो आणि हिवाळ्याच्या अखेरीपासून पावसापर्यंत त्याचा धोका जास्त असतो. रानात जाताना मुलांना पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे कपडे आणि मोजे घाला, पाचोळ्यात बसू देऊ नका, संध्याकाळी अंघोळीच्या वेळी काखा, मान आणि कानांमागे गोचीड बघा. मेलेले माकड दिसले, तर जवळ न जाता वनविभागाला कळवा. परतल्यावर आठवडाभरात ताप आला, तर रानात जाऊन आल्याचे डॉक्टरांना न विसरता सांगा. सड्यांवर फुरसे असते, म्हणून बूट हवेत आणि दगड उलटून बघण्याचा खेळ नको. एवढे पाळले, तर भिण्याचे कारण नाही.

सासूबाईंच्या इच्छेविषयी तुम्ही थोड्या संकोचाने लिहिले आहे. ती इच्छा जंगलाच्या बेताला लावलेले शेपूट आहे असे समजू नका. या वयात कुलस्वामिनीच्या दर्शनासाठी त्या वाट बघत असतील, तर तो प्रवास त्यांच्यासाठी म्हणूनच व्हायला हवा. थंडीच्या दिवसांत, त्यांच्या गुडघ्यांना मानवेल अशा टप्प्यांनी, सोलापूरला मुक्काम करून. सहा तास सलग गाडीत बसवून पहाटे दर्शन आणि लगेच पुढे पळणे, यात त्यांना ओटी भरल्याचे समाधान मिळणार नाही. दिवाळीनंतरच्या जवळच्या सहलीत कोल्हापूरचा मुक्काम आहेच. तिथे अंबाबाईचे दर्शन त्यांना निवांत घडवता येईल आणि दाजीपूरला त्यांना रानात यायचे नसेल, तर मुक्कामावर बसून राहण्यातही त्यांना कंटाळा येणार नाही. मात्र योगेश्वरीला न्यायचे कबूल केलेत, तर ते पुढे ढकलत राहू नका.

अशाच अडचणीत असलेल्या इतर वाचकांसाठीही थोडे लिहिते. रायगडकरांनी मुरूड-रोह्याकडच्या फणसाडला जावे. जंजिऱ्याच्या नवाबांचे हे राखीव शिकारीचे रान १९८६ साली अभयारण्य झाले आणि तिथेही शेकरू आहे. मंडणगड-दापोलीकडच्या पालकांना तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्ले समुद्रात जाताना दाखवता येतील. सह्याद्री निसर्गमित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने २००२ पासून तिथे कासवे वाचवण्याचे काम उभे केले आहे. पिल्लांना हात लावायचा नाही आणि उजेड टाकायचा नाही, हे मुले तिथे बघून शिकतात. सिंधुदुर्गातल्या कुटुंबांना आंबोली हाताशी आहे. तिथल्या हिरण्यकेशीच्या उगमावर २०२० साली एका नव्या माशाची नोंद झाली आणि दुसऱ्याच वर्षी ते ठिकाण जैविक वारसा स्थळ ठरले. बोटाएवढ्या माशासाठी अख्खी जागा राखली जाते, हे ऐकून मुलांना काय वाटते ते त्यांनाच विचारा. मुले थोडी मोठी झाली, की गोव्यातले मोले आणि कारवारच्या वरचे अणशी ही दोन राष्ट्रीय उद्याने आहेत, तीही घाटाच्या याच ओळीतली. गावाजवळची देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान, विसरू नका. सुट्टी नसताना, शनिवारच्या संध्याकाळीही तिथे जाता येते.

शेवटी व्यवहाराचे. मे महिन्यातल्या ताडोब्याच्या फेऱ्यांचे आरक्षण कित्येक आठवडे आधी भरते, तेव्हा यजमानांशी बोलणे लांबवू नका. आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे, ओळखपत्राचा क्रमांक बरोबर टाकावा आणि ज्या प्रवेशद्वाराची फेरी मिळाली असेल त्याच्या जवळच मुक्काम बघावा, कारण एका दारापासून दुसरे दार गाडीने बरेच लांब पडते. गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. दाजीपूर आणि आंब्याच्या मुक्कामाचे गणपतीनंतर लगेच बघितलेत, तर दिवाळीच्या सुट्टीत जागा मिळेल. भाऊबीज आटोपल्यावर, मुंबई-पुण्याची गर्दी ओसरल्यावर निघालात, तर आणखी बरे.